मजुरी नको, कारागिरी लिहा

वसई स्टेशनच्या पूर्वेला उतरायचे, गोखिवरे आणि सातिवली मागे टाकायचे, की वालीव लागते. एका बाजूला तुंगारेश्वराचा डोंगर आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना गाळेच गाळे. कुठे प्लॅस्टिकचे साचे, कुठे लोखंडाची कातकाम यंत्रे, कुठे पुठ्ठ्याची खोकी. 1994 साली मी ज्या बँकशाखेत कर्जाचे टेबल सांभाळत होतो, तिच्या हद्दीत हे गाळे येत. पुढे मी कादंबऱ्या लिहिल्या. पण शब्दांच्या बाबतीत माझे डोळे उघडले ते त्या टेबलावर, आणि उघडणाऱ्या बाई वालीवच्याच होत्या.

बाई बॅगा शिवत. एका गाळ्यात दुसऱ्याच्या यंत्रावर बसून नगामागे पैसे घेत. आता त्यांना स्वतःचे जाड शिलाईचे यंत्र घ्यायचे होते. अर्ज मी भरत होतो, त्या सांगत होत्या. नाव, पत्ता, वय झाले. 'धंदा' या रकान्यात मी न विचारताच 'मजुरी' असे लिहिले. बाईंना वाचता येत होते. त्यांनी टेबलावरून वाकून पाहिले आणि म्हणाल्या, "साहेब, मजुरी नका लिहू. कारागिरी लिहा."

मी म्हटले, "बाई, त्याने काय फरक पडतो?"

"पडतो साहेब. मजुरी कोणीबी करतो. ही बॅग कोणीबी शिवून दाखवू दे."

खरोखरच फरक पडत होता, आणि तो मला, एका अधिकाऱ्याला, ठाऊक असायला हवा होता. कारागीर आणि कुटीरोद्योग यांची कर्जे अग्रक्रम क्षेत्रात मोडत. माझ्या हातून 'मजुरी' राहिली असती तर त्या अर्जाकडे वेगळ्या नजरेने पाहिले गेले असते आणि बहुधा तो परत आला असता. मी खाडाखोड केली, बाजूला सही केली, आणि यथावकाश यंत्र आले.

त्या रात्री घरी शब्दकोश काढला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, पहिली आवृत्ती 1831 ची, वाढवलेली दुसरी 1857 ची, आणि माधव ज्यूलियन यांचा 1925 चा फारसी-मराठी कोश अशी दोन्ही पुस्तके माझ्या कपाटात होती. पाहतो तो काय! 'मजूर' हा फारसी 'मज्दूर'. त्यातला 'मज्द' म्हणजे मोबदला आणि शेवटचा तुकडा म्हणजे वाहून नेणारा. मजूर म्हणजे मोबदला घेऊन जाणारा. 'कारागीर' हा फारसी 'कारीगर'. 'कार' म्हणजे काम आणि 'गर' म्हणजे करणारा. एका शब्दात माणूस त्याच्या पगारावरून ओळखला जातो, दुसऱ्यात त्याच्या कामावरून. बाईंनी कोश उघडला नव्हता, पण शब्दाच्या शेपटात काय दडले आहे हे त्यांना पक्के माहीत होते.

या शेपटांना आपण शाळेत प्रत्यय म्हणायला शिकलो. 'भाववाचक नामे लिहा: गोड, नवल, माणूस' असा प्रश्न दोन गुणांना असे. ती शेपटे आली कुठून, हे मात्र गुरुजींनी कधी सांगितले नाही आणि आपणही कधी विचारले नाही.

पुष्कळशी आली ती झिजून. आज जो प्रत्यय आहे तो एके काळी चांगला हिंडताफिरता शब्द होता. 'कुंभकार' म्हणजे घडे करणारा. बोलता बोलता 'क' गळाला आणि कुंभार झाला. तसाच लोहकाराचा लोहार, चर्मकाराचा चांभार, सुवर्णकाराचा सोनार. 'करणारा' या अख्ख्या शब्दाचा उरला फक्त 'आर'. वालीवच्या परिसरात ही झीज गावांच्या नावांतही दिसते. जवळच्या शूर्पारकाचे सोपारा झाले. अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींना सापडला तेच हे सोपारा. सातिवली, राजावली, आणि लोकलच्या प्रवाशांना तोंडपाठ असलेल्या डोंबिवली, कांदिवली, बोरिवली यांच्या शेवटी जी 'वली' आहे, ती 'पल्ली' म्हणजे वस्ती या शब्दाची झिजलेली खूण, असे स्थलनामांचे अभ्यासक सांगतात.

सगळ्यात लांबचा प्रवास 'पण'ने केला आहे. बालपण, मोठेपण, शहाणपण यांतला हा 'पण' दिसायला अगदी घरगुती. पण त्याचा पणजोबा ऋग्वेदात बसला आहे. तिथे 'त्व' या प्रत्ययाच्या शेजारी 'त्वन' असाही प्रत्यय येतो. 'महित्वन' म्हणजे थोरपण. संस्कृत पंडितांनी पुढे 'त्व' ठेवला आणि 'त्वन' सोडून दिला. लोकांनी मात्र तो तोंडात जपला. बोलीत 'त्व'चा उच्चार 'प्प' होत गेला, जसा 'आत्मा'चा 'अप्पा' होऊन शेवटी आपला 'आपण' झाला. बाराव्या शतकात गुजरातेतल्या हेमचंद्राने अपभ्रंशाचे व्याकरण लिहिले तेव्हा 'त्व'च्या जागी 'प्पण' येतो असा नियमच नोंदवला. तोच मराठीत 'पण', गुजरातीत 'पणुं', हिंदीत 'पन'. ग्रंथांतून हद्दपार झालेला हा प्रत्यय स्वयंपाकघरात आणि शेताच्या बांधावर जगला.

मराठीने तर त्याला आणखी एक खोच दिली. शहाणपण देवाकडे मागायचे असते आणि "जास्त शहाणपणा करू नकोस" हे मुलाला दटावताना म्हणायचे असते. एक काना वाढला आणि गुणाचा अवगुण झाला. ही करामत कुठल्या समितीने ठरवलेली नाही. ती आपल्या आज्यांची.

आता माझ्या जुन्या टेबलाकडे येतो. बँकेतला मराठी कागद म्हणजे 'दार'ची रांग. खातेदार, ठेवीदार, कर्जदार, जामीनदार, थकबाकीदार. हा 'दार' फारसी. अर्थ, धरणारा, बाळगणारा. पुढे शुद्ध मराठीचे वारे आले आणि फॉर्मांवर भागीदाराशेजारी भागधारक, खातेदाराशेजारी खातेधारक उभे राहिले. मला पूर्वी वाटे, परक्याला उठवून आपण घरच्याला बसवले. पण फारसी आणि संस्कृत या एकाच आजीच्या नाती. फारसीतला 'दार' आणि संस्कृतातल्या 'धृ' धातूचा 'धार' हे सख्खे चुलतभाऊ. म्हणजे आपण एका चुलतभावाला उठवून दुसऱ्याला बसवले, एवढेच.

हे नाते एकदा लक्षात आले की घरभर दिसू लागते. चहादाणी, पिकदाणी, अत्तरदाणी, मच्छरदाणी यांतली फारसी 'दानी' आणि राजधानीतली संस्कृत 'धानी' या बहिणी. दोघींचा अर्थ ठेवण्याची जागा. एकीत चहा ठेवला, दुसरीत राजा. कारीगरातला 'गर' आणि आपला 'करणे' हेही एकाच कुळातले. 'जहांगीर'मधला 'गीर' म्हणजे धरणारा, जग मुठीत घेणारा, आणि त्याचे नाते वेदातल्या 'गृभ्' या धातूशी, म्हणजे आपल्या 'ग्रहण'शी. कारीगराचा कारागीर करताना मराठीने 'गर'च्या जागी 'गीर' बसवला. व्याकरणाच्या दृष्टीने ती चूक. पण चूक सर्वांनी मिळून केली की तिलाच भाषा म्हणतात.

माझ्या मनात एक प्रश्न बरेच दिवस घोळत होता. वसईवर पोर्तुगीजांचा अंमल 1534 पासून चिमाजीअप्पांनी 1739 साली किल्ला घेईपर्यंत, म्हणजे दोनशे वर्षांहून अधिक होता. त्यांनी आपल्याला पाव दिला, बटाटा दिला, चावी दिली, घमेले दिले आणि महिनाअखेरीचा सर्वांत गोड शब्द 'पगार'ही दिला. मग त्यांचा एखादा प्रत्यय मराठीत का रुजला नाही? आणि फारसीचे मात्र दार, खाना, गिरी, खोर, बाज असे अख्खे बिऱ्हाड कसे राहिले?

याचे उत्तर प्रत्ययाच्या स्वभावात आहे. प्रत्यय कधी एकटा येत नाही. तो शब्दांच्या पोटात लपून येतो. फारसी ही शतकानुशतके कचेरीची भाषा होती, त्यामुळे तिचे शब्द जोडीजोडीने आले. जमीन आणि जमीनदार, किल्ला आणि किल्लेदार, सुभा आणि सुभेदार, फौज आणि फौजदार. अशा पाचपन्नास जोड्या कानावर पडल्या की कोणालाही न शिकवता 'दार' वेगळा काढता येतो. मग तो आपल्या शब्दाला लावून पाहायचा. 'ठेव' अस्सल मराठी, 'दार' फारसी, आणि ठेवीदार इतका आपला की त्याची जात कोणी विचारत नाही. 'लाच खाणे' आपण म्हणतच होतो. फारसीत 'खोर' म्हणजे खाणारा, म्हणून लाचखोर झाला. पोर्तुगीज शब्द मात्र पाव-बटाट्यासारखे सुटे सुटे आले, त्यामुळे फोडून पाहायला जोडी मिळाली नाही.

तरी एक पोर्तुगीज प्रत्यय वसईत राहिला आहे, आणि तो घरांच्या दारांवर लिहिलेला असतो. रॉड्रिग्ज म्हणजे रोड्रिगोचा मुलगा, फर्नांडिस म्हणजे फर्नांडोचा, लोपीस म्हणजे लोपोचा. शेवटचा 'स' म्हणजे 'चा मुलगा'. शेजारच्या पाटीवर एखादे 'कर' असतात, गावावरून ओळखले जाणारे. पलीकडे एखादे चिटणीस किंवा फडणीस असतात, ज्यांच्या पूर्वजाने लेखणी धरली, कारण 'नीस' हा फारसी 'नवीस', म्हणजे लिहिणारा. एकाच आळीत एकाचे आडनाव बापावरून, एकाचे गावावरून, एकाचे कामावरून. रशियात इव्हानच्या मुलाला इव्हानोविच म्हणतात, त्यातही असाच मुलाचा प्रत्यय बसलेला आहे.

रशियाचे नाव निघाले म्हणून सांगतो. उसना प्रत्यय आपलासा करणे ही फक्त मराठीची खोड नाही. आपल्याकडे मशालची, तोपची, नगारची, खजांची हे शब्द आहेत. त्यांतला 'ची' मूळ तुर्की, फारसीच्या पालखीत बसून दख्खनेत आला. हाच 'ची' तुर्कांबरोबर पश्चिमेलाही गेला. बल्गेरिया आणि सर्बिया हे स्लाव्ह भाषा बोलणारे मुलूख कित्येक शतके ऑटोमन सुलतानांच्या अमलाखाली होते. तिथे 'ची'चा 'जिया' झाला. आपला तोपची तो बल्गेरियात 'तोप्चिया'. गंमत अशी, की पुढे तिथल्या लोकांनीही ठेवीदारासारखेच केले. 'लोव' म्हणजे शिकार हा त्यांचा अस्सल स्लाव्ह शब्द. त्याला तुर्की शेपूट लावून शिकाऱ्याला ते 'लोवजिया' म्हणू लागले. साताऱ्याच्या किल्ल्यावरचा तोपची आणि सोफियाच्या रानातला शिकारी यांची कधी गाठ पडली नाही, पण दोघांच्या नावाला टाका एकाच सुईचा.

स्लाव्ह भाषांचा स्वतःचा एक प्रत्यय तर माझ्या आधीच्या पिढीने आकाशात पाहिला. 4 ऑक्टोबर 1957 रोजी रशियाने पहिला कृत्रिम उपग्रह सोडला, त्याचे नाव स्पुत्निक. 'स' म्हणजे सोबत, 'पुत्' म्हणजे वाट, आणि 'निक' हा माणूस दाखवणारा प्रत्यय. स्पुत्निक म्हणजे वाटेतला सोबती, सहप्रवासी. त्यातला 'पुत्' आणि आपला 'पंथ', 'पथिक' हे एकाच रक्ताचे. 'निक' हा तरी कुठे अखंड आहे? विशेषणाचा 'न' आणि नामाचा 'इक' असे दोन प्रत्यय एकमेकांना चिकटून तो झाला. स्पुत्निक वर गेला आणि वर्षभरात अमेरिकेतल्या एका वृत्तपत्रीय लेखकाने तिथल्या बंडखोर, केसाळ तरुणांना 'बीटनिक' म्हटले. उपग्रह जळून गेला, शेपूट इंग्रजीत राहिले.

प्रत्यय लहान असला तरी निरुपद्रवी नसतो. तो अर्थाला वळण लावतो. 'भाऊ'वरूनच पाहा. बंधुता आपल्या राज्यघटनेच्या उद्देशिकेत शोभते, आणि भाऊबंदकी कोर्टात. युगोस्लाव्हियाचे ब्रीद होते 'ब्रात्स्त्वो इ येदिन्स्त्वो', बंधुत्व आणि एकता. त्यातला 'ब्रात' म्हणजे भ्राता, आणि शेवटच्या 'त्वो'ची सांगड अभ्यासक आपल्या 'त्व'शी घालतात. 1991 नंतर तो देश फुटला. आज त्याच्या प्रत्येक तुकड्यात तो प्रत्यय बोलला जातो, बंधुत्व तेवढे राहिले नाही.

'गिरी'ची कथाही अशीच. मराठ्यांच्या फौजा मुलुखगिरीवर निघत, म्हणजे मुलूख धरायला. 1873 साली जोतीराव फुल्यांनी आपल्या पुस्तकाला 'गुलामगिरी' हे नाव दिले आणि तोच प्रत्यय धरलेल्यांच्या बाजूने बोलू लागला. मग नाक्यानाक्यावर दादागिरी आली, आणि 2006 साली एका हिंदी चित्रपटाने गांधीगिरी हा शब्द घराघरांत नेला. धरपकडीतून निघालेला प्रत्यय गुलाबाचे फूल हातात घेऊन उभा राहिला!

'शाही' तर त्याहून नवलाची. निजामशाही, आदिलशाही म्हणजे शहांची राज्ये. शहा म्हणजे राजा. त्या सुलतानांचे राज्य जाऊन शतके लोटली, पण 'शाही' मागे राहिली आणि तिला आपण 'लोक' जोडले. लोकशाही या शब्दाचा अर्थ लावू गेले तर निघतो, लोक हेच शहा. मतदानाच्या दिवशी रांगेत उभा असताना मला हा शब्द नेहमी आठवतो. मात्र हुकूमशाही, झुंडशाही आणि घराणेशाहीही याच शेपटाच्या, हेही विसरता येत नाही.

आणि 'की'. पाटीलकी म्हणजे वतन, मान, हक्क. त्याच गावात, त्याच 'की'ने बनलेला दुसरा शब्द होता महारकी. त्यात मान नव्हता. गावाची आणि सरकारची पडेल ती कामे, रात्री-बेरात्री, जवळजवळ फुकट. हे वतन म्हणजे जखडणे आहे हे ओळखून डॉ. आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. वतने गेली ती 1958 च्या कायद्याने. प्रत्यय एकच होता. एकाला त्याने गढी दिली आणि एकाला वेशीबाहेर ठेवले. म्हणून धंद्याच्या रकान्यात काय लिहिले जाते याकडे लक्ष ठेवणाऱ्या त्या बाई मला आजही शहाण्या वाटतात. त्यांनी माझ्याकडे शहाणपण दाखवले, मी मात्र शहाणपणा केला होता.

वतने गेल्यावर 'की' मात्र मेली नाही. ती शहरात आली आणि नव्या धंद्यांना लागली. मास्तरकी झाली, डॉक्टरकी झाली, ड्रायव्हरकी झाली. शब्द साहेबाचा, शेपूट आमचे. परका शब्द आला की भाषा बाटते, अशी ओरड आपण पिढ्यान्पिढ्या ऐकतो. शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश झाला, त्यात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. त्या खटाटोपाचे मोल मोठेच आहे. पण माझी कसोटी जरा वेगळी आहे. घरात पाहुणे किती आले याची मला धास्ती नाही. घरच्या सुईला अजून धार आहे ना, एवढेच मी पाहतो. आलेल्या शब्दाला जोवर आपण आपला 'पणा', आपली 'की', आपला 'करी' शिवू शकतो तोवर भाषा नांदती आहे. ज्या दिवशी नातवंडे तयार शब्द नुसते उचलतील आणि स्वतः एकही जोडणार नाहीत, तो दिवस वाईट. इंग्रजी शाळेतून आलेली मुले "ड्रायव्हिंग करतो", "टीचिंग करते" असे तयार माल वापरताना दिसली की मला ती चिंता वाटते, हे कबूल करतो.

मध्यंतरी एका नातेवाइकाच्या कामासाठी वालीवला जाणे झाले. 2009 साली महानगरपालिका झाली, 2014 साली पालघर जिल्हा झाला, रस्ते ओळखू येईनात. त्या बाईंचा गाळा मात्र विचारत विचारत सापडला. आता तो त्यांचा स्वतःचा आहे. आत सहा यंत्रे आहेत आणि बसणारी मंडळी निम्मी उत्तर प्रदेश-बिहारची. बाईंनी मला ओळखले. चहा मागवला. माझे जुने यंत्र अजून आहे का, असे मी विचारले, कारण ते मला माझेच वाटते. त्यांनी कोपऱ्यात बोट दाखवले. अजून चालते म्हणाल्या.

भिंतीजवळ एक मुलगी संगणकावर बॅगेचा नकाशा काढत होती. खिसा इकडून तिकडे सरकवून पाहत होती.

"नात आहे माझी," बाई म्हणाल्या. "शिवायला बसत नाही. पण आता तिच्याबिगर चालत नाही साहेब. सगळी डिझायनरकी तिचीच."

डिझायनरकी. हा शब्द माझ्या कपाटातल्या एकाही कोशात नाही. मला त्याचा अर्थ विचारावा लागला नाही.